आधी जीव, मग कागद
तातडीच्या उपचाराविषयी कायदा काय सांगतो आणि आपले कर्तव्य काय

अभ्यासासाठी शास्त्रभाग : लूक १०:२५–३७



आपल्या या त्रैमासिकात आपण शाळेतली मुले, शिवणवर्ग, धान्यवाटप यांविषयी नेहमी वाचता. या वेळी एक वेगळा विषय अभ्यासासाठी आपल्यापुढे ठेवते आहे. पाड्यावर कोणाला साप चावला, वीटभट्टीवर एखाद्या बाईला अचानक रक्तस्राव सुरू झाला, महामार्गावर मोटारसायकलवरून कोणी पडले, तर पहिल्या तासा-दोन तासांत काय होते यावर जीव राहणे-जाणे ठरते. त्या वेळात डॉक्टरचे, रुग्णालयाचे, पोलिसाचे आणि रस्त्याने जाणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांचे कर्तव्य कोणते, हे आपल्या देशाच्या कायद्याने बरेच स्पष्ट केले आहे. पण ते थोड्यांनाच ठाऊक असते, आणि पाड्यावरच्या माणसाला तर ते सहसा कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून हा अभ्यास.

१. ‘पुढे न्या’

नायगाव, जूचंद्र, चिंचोटी, कामण या पट्ट्यात काम करताना मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेले दोन शब्द म्हणजे ‘पुढे न्या’. दवाखाना म्हणतो, पुढे न्या. छोटे रुग्णालय म्हणते, पुढे न्या. आमच्या भागातून ‘पुढे’ म्हणजे खाडी ओलांडून मुंबई किंवा ठाणे. डहाणू-तलासरीच्या लोकांना ‘पुढे’ म्हणजे सिल्वासा, वापी, वलसाड. जव्हार-मोखाड्याच्या लोकांना नाशिक. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, पण ‘पुढे’ अजून लांबच आहे.

आणि वाट सरळ नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच नायगाव पूर्वेच्या भागातील सोळा महिन्यांच्या बाळाला मुंबईकडे नेणारी रुग्णवाहिका मुंबई–अहमदाबाद महामार्गावरच्या कोंडीत तासन्‌तास अडकली. बाळ वाचले नाही. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातील एका गर्भवतीला कासा येथून सिल्वासाला नेताना तिचा वाटेतच मृत्यू झाला. या घटनांत दोष कोणाचा, हे ठरवायला मी बसलेली नाही. मोठ्या रुग्णालयात पाठवणे कित्येकदा गरजेचेच असते. प्रश्न एवढाच आहे की पाठवण्याआधी काय केले? रुग्ण त्या प्रवासात टिकेल, इतके तरी केले का?

सगळ्या कायद्याचे आणि नीतीचे सार या प्रश्नात आहे. डॉक्टर मंडळी याला ‘रुग्ण स्थिर करणे’ म्हणतात. वाहते रक्त थांबवणे, श्वासाची वाट मोकळी करणे, प्राणवायू लावणे, सलाईन सुरू करणे, मोडलेले हाड हलणार नाही असे बांधणे. एवढे झाल्यावर, सोबत चिठ्ठी देऊन, पुढच्या रुग्णालयाला कळवून, योग्य वाहनातून पाठवणे हा उपचाराचाच भाग आहे. यातले काहीही न करता दारातून परत पाठवणे म्हणजे नकार. ‘पुढे न्या’ या दोन शब्दांत उपचार असू शकतो आणि नकारही असू शकतो. फरक ओळखायला आपण शिकले पाहिजे.

२. शोमरोन्याने क्रमाने काय केले

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. तो दयेचा दाखला आहे हे खरेच. पण धर्मज्ञानाच्या पदविकेसाठी तो अभ्यासताना मला त्यात एक व्यवस्थित क्रमही दिसला. आपणही शास्त्रभाग उघडून तो क्रम पाहा.

तो थांबला आणि जवळ गेला. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस घालून त्या बांधल्या, म्हणजे जागेवरच प्रथमोपचार केला. मग त्याला आपल्या जनावरावर बसवले, म्हणजे वाहनाची सोय केली. उतारशाळेत नेऊन स्वतः त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन नाणी दिली आणि जास्त खर्च झाल्यास परत येताना देण्याचा शब्द दिला.

पैशाची गोष्ट शेवटी येते, दुसऱ्या दिवशी. रात्रभर त्या माणसाची शुश्रूषा झाली, तोवर कोणी हिशेब मांडला नव्हता. जखमी कोण, कोणत्या गावचा, कोणत्या कुळाचा, हे तर दाखल्यात शेवटपर्यंत विचारलेलेच नाही. जाता जाता उतारशाळेच्या मालकाकडेही पाहा. त्याने उरलेले पैसे नंतर मिळतील या शब्दावर माणूस ठेवून घेतला. आजच्या रुग्णालयाकडून कायदा जे मागतो, ते या मालकाने केले.

३. १९८९ : पोलीस नंतर, उपचार आधी

एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले. कोणा एकाने त्याला जवळच्या रुग्णालयात नेले. तिथे सांगण्यात आले की ही पोलीस केस आहे, अशा केसेस आम्ही घेत नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या. वाटेत तो मरण पावला. वर्तमानपत्रातली ही बातमी घेऊन परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले.

२८ ऑगस्ट १९८९ रोजी न्यायालयाने निकाल दिला. माणूस निरपराध असो वा गुन्हेगार, त्याचा जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे. डॉक्टर सरकारी असो की खाजगी, हे कर्तव्य सारखेच. पोलिसांचा पंचनामा, कागदपत्रे, हद्द यांपैकी कशासाठीही उपचार थांबवता येणार नाही. राज्यघटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्काशी न्यायालयाने हे कर्तव्य जोडले.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या १३४व्या कलमातही तेच आहे. अपघातातील जखमी आला की कामावर असलेल्या डॉक्टरने औपचारिकतेची वाट न पाहता लगेच उपचार करायचे. डॉक्टरांसाठी २००२ मध्ये जी आचारसंहिता झाली, तिच्यातही कोणाला तपासावे याची मोकळीक डॉक्टरला दिली आहे, पण तातडीच्या प्रसंगी आलेल्या हाकेला त्याने प्रतिसाद द्यावा, असे स्पष्ट म्हटले आहे.

म्हणून कोणी ‘आधी पोलिसांत जा, मग बघू’ म्हणाले, तर ते कायद्याला धरून नाही. पोलिसांना कळवणे हे रुग्णालयाचे काम आहे आणि ते उपचार सुरू असताना करता येते.

४. १९९६ : गरीब शेतमजुराचा खटला

दुसरा खटला आपल्या लोकांना अधिक जवळचा वाटेल. पश्चिम बंगालमधील शेतमजुरांच्या ‘पश्चिम बंग खेत मजूर समिती’ या संघटनेचा एक सदस्य जुलै १९९२ मध्ये मथुरापूर स्टेशनवर गाडीतून पडला. डोक्याला गंभीर इजा झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नव्हती, म्हणून ‘पुढे न्या’. मग कोलकात्यात एकामागून एक सरकारी रुग्णालये. कुठे खाट नाही, कुठे तपासणीची सोय नाही. शेवटी खाजगी रुग्णालयात दाखल केले आणि मजुराच्या कुटुंबावर सुमारे १७,००० रुपयांचा खर्च पडला.

६ मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५,००० रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. रकमेपेक्षा त्यामागचे तत्त्व मोठे आहे. सरकारी रुग्णालयाने गरजू माणसाला वेळेवर उपचार न देणे हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. शिवाय प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण स्थिर करण्याइतक्या सोयी हव्यात, कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे कळण्याची व्यवस्था हवी, रुग्णवाहिकेत आवश्यक साधने व माणसे हवीत, असेही सांगितले.

न्यायालयाने हे सांगितले त्याला आता तीस वर्षे होत आली. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची ९३७ रुग्णवाहिकांची सेवा सुरू झाली आणि तिने पुष्कळ जीव वाचवले आहेत. तरीही पावसाळ्यात रस्ता नसलेल्या पाड्यावरून झोळीत घालून गर्भवतीला आणावे लागते, हे आपण दरवर्षी पाहतो. निकाल आपोआप पाड्यापर्यंत चालत येत नाही. कोणीतरी तो घेऊन जावा लागतो.

५. पैशाचा प्रश्न

आता सर्वांत अवघड भाग. रुग्णालयाच्या खिडकीवर ‘आधी डिपॉझिट भरा’ म्हटले की आमचा माणूस गप्प होतो. वाद घालत नाही, मागे फिरतो. तो गप्प बसला म्हणजे त्याने उपचार नाकारले, असा अर्थ मात्र होत नाही.

कोलकात्यात जानेवारी २००१ मध्ये बसच्या धडकेत जखमी झालेल्या एका विद्यार्थ्याला खाजगी रुग्णालयात उपचार सुरू झाले, पण १५,००० रुपये भरले नाहीत म्हणून ते थांबवण्यात आले. दुसरीकडे नेताना तो गेला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००५ मध्ये त्याच्या आई-वडिलांना १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तातडीच्या प्रसंगी पैशासाठी उपचार अडवणे ही सेवेतली त्रुटी आहे, हे त्यातून ठरले.

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांसाठी वेगळा नियम आहे, आणि आपण चर्चची माणसे असल्यामुळे तो अधिक नीट समजून घ्यावा. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना करात व इतर बाबींत सवलती मिळतात. त्या बदल्यात कायद्याच्या ४१कक कलमाखाली त्यांनी गरिबांसाठी खाटा राखायच्या असतात. संजीव पुनाळेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये यासाठी सविस्तर योजना घालून दिली. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. आणि तातडीचा रुग्ण आला तर त्याला लगेच दाखल करून, स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे सर्व उपचार द्यायचे, अशा रुग्णांकडून अनामत मागायची नाही, गरज पडल्यास सरकारी रुग्णालयात नेण्यासाठी वाहनही द्यायचे. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते. ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्यावी.

तरी काय घडते, हे एप्रिल २०२५ मध्ये सगळ्या राज्याने पाहिले. पुण्यातील एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने गर्भवतीच्या कुटुंबाकडे १० लाख रुपये अनामत मागितल्याचा आरोप झाला. तिची प्रसूती दुसरीकडे झाली आणि नंतर तिचा मृत्यू झाला. लोकक्षोभ उसळल्यावर तातडीच्या रुग्णांकडून अनामत घेणार नाही, असे त्या रुग्णालयाने जाहीर केले. ते कुटुंब शिकलेले, ओळखीपाळखी असलेले होते. मग जूचंद्रच्या डोंगराकडच्या पाड्यावरच्या बाईचे काय होत असेल, याचा विचार करावा.

आणखी दोन आधार लक्षात ठेवावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि तातडीच्या वेळी फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून देता येतात. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रोकडविरहित उपचार योजना लागू केली. नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात.

माझा एक अनुभव सांगते. नायगाव पूर्वेला वीटभट्टीवर विक्रमगडकडून आलेली एक कातकरी बाई बाळंतपणानंतर रक्तस्रावाने पांढरीफटक पडली होती. एका खाजगी रुग्णालयात आधी तीस हजार भरा म्हणाले. सासू हात जोडून उभी. मी आवाज चढवला नाही. कायद्याची कलमेही सांगितली नाहीत. एवढेच विचारले, “डॉक्टरसाहेब, ही बाई मुंबईपर्यंत टिकेल असे तुम्ही लिहून देता का?” ते क्षणभर थांबले. मग परिचारिकेला हाक मारली. सलाईन लागली, इंजेक्शने दिली गेली, १०८ आली, चिठ्ठी घेऊन आम्ही निघालो. बाई वाचली. त्या डॉक्टरांना मी वाईट म्हणणार नाही. त्यांना बहुधा रोज पैशाचीच भाषा ऐकायची आणि बोलायची सवय झाली होती. कोणीतरी रुग्णाची भाषा बोलायला हवी होती.

६. मदत करणाऱ्याला कायद्याचे कवच

“नको ताई, उगाच पोलिसांचे लफडे.” महामार्गावर जखमीभोवती उभ्या असलेल्या गर्दीतून हे वाक्य हमखास ऐकू येते. ही भीती पूर्वी अगदी निराधार नव्हती. पण आता परिस्थिती बदलली आहे.

सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेच्या याचिकेवर ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणाचे नियम देशभर बंधनकारक केले. पुढे २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम घालण्यात आले. त्याचे नाव इंग्रजीत ‘गुड समॅरिटन’ असे आहे, म्हणजे आपल्या दाखल्यातला तोच शोमरोनी! सद्‌भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर, जखमी दगावला तरी, दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. रुग्णालय त्याला अडवून ठेवू शकत नाही, त्याच्याकडे पैसे मागू शकत नाही. या हक्कांचा फलक रुग्णालयाच्या दारात लावायचा असतो. गंभीर जखमीला वेळेत रुग्णालयात पोहोचवणाऱ्यासाठी २०२१ मध्ये ५,००० रुपयांचे बक्षीस सुरू झाले. पुढे ‘राहवीर’ या नावाने ते २५,००० करण्यात आले.

हे कलम मोटार अपघातापुरते आहे, हेही ध्यानात ठेवावे. पण सर्पदंश, बुडणे, भाजणे अशा प्रसंगी माणसाला दवाखान्यात नेल्याबद्दल शिक्षा व्हावी, असा कोणताही कायदा नाही. जखमीजवळ थांबणारा गुन्हेगार ठरत नाही.

७. संमती : ज्याचे शरीर त्याचा शब्द

घाईच्या वेळीसुद्धा रुग्ण हा माणूस असतो, गाठोडे नव्हे. शुद्धीत असलेल्या सज्ञान माणसाला काय करणार, का करणार, धोका काय, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगून त्याची संमती घ्यायची असते. आमच्या भागात याचा अर्थ वारली किंवा कातकरी बोलीत सांगणारा माणूस सोबत हवा. इंग्रजी फॉर्मवर अंगठा उमटला म्हणजे संमती मिळाली असे नाही. समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एका तपासणीला दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला चालत नाही. अपवाद एकच, जीव वाचवण्यासाठी ती तत्क्षणी आवश्यक असेल तर.

रुग्ण बेशुद्ध असेल आणि नातेवाईक जवळ नसतील तर? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे ३०वे कलम, म्हणजे जुन्या दंड संहितेचे ९२वे, याचे उत्तर देते. सद्‌भावनेने, त्या माणसाच्या भल्यासाठी, संमती मिळणे शक्य नसताना केलेले काम गुन्हा ठरत नाही. कायद्यातच उदाहरणे दिली आहेत. घोड्यावरून पडून बेशुद्ध झालेल्या माणसावर शस्त्रक्रिया करणारा सर्जन, आणि पालकांना विचारायला वेळ नाही म्हणून अपघातातल्या मुलावर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर.

आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. साप चावला की घरचे आधी भगताकडे नेतात. भगताची टिंगल केली तर पाडा आपल्यापासून तुटतो, आणि पुढच्या वेळी कोणी बोलावतही नाही. आम्ही भगतांशी बसून बोललो. “मंत्र गाडीत म्हणा, पण गाडी आधी निघू द्या,” असा समझोता काही पाड्यांवर झाला आहे. विषावर उतारा सर्पदंशाच्या लशीचाच आहे, हे सांगताना आवाज नम्र ठेवला तर लोक ऐकतात.

८. लपवलेल्या जखमा

लैंगिक अत्याचार किंवा अ‍ॅसिडहल्ला झालेल्या व्यक्तीवर प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो वा खाजगी, लगेच आणि मोफत उपचार करायचे आहेत. हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९७व्या कलमात आहे. नकार देणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. बालकांसाठीच्या पोक्सो नियमांप्रमाणे (२०२०) मुलावर तातडीचे उपचार करण्याआधी पोलिसांचा किंवा न्यायालयाचा कागद मागता येत नाही.

इथे एक कठीण गोष्ट आहे. आपल्या भागात अजून लहान वयात लग्ने होतात. अठराच्या आतली गर्भवती मुलगी रुग्णालयात गेली की पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून काही कुटुंबे तिला नेतच नाहीत, घरीच बाळंत करतात. आपण खोटे वय सांगायला मदत करायची का? नाही. पण कायद्याच्या भीतीने मुलीचा जीव धोक्यात घालू द्यायचा का? तेही नाही. उपचार हा तिचा हक्क आहे, पुढे जी चौकशी होईल तीत आम्ही सोबत राहू, असे सांगून तिला नेणे आणि खरोखर सोबत राहणे, एवढा एकच मार्ग मला प्रामाणिक वाटतो.

९. डॉक्टरांची बाजू

न्याय दोन्ही बाजूंनी हवा. छोट्या दवाखान्याने मेंदूची शस्त्रक्रिया करावी, असे कायदा म्हणत नाही. त्याच्याकडे जे आहे ते त्याने करावे, एवढेच म्हणतो. प्रयत्न करूनही रुग्ण दगावला म्हणजे डॉक्टर गुन्हेगार होत नाही. फौजदारी दोषासाठी घोर हलगर्जीपणा दिसावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितले आहे. रुग्णालयात मारहाण व तोडफोड करणाऱ्याला महाराष्ट्राच्या २०१०च्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जमावाच्या भीतीने डॉक्टर गंभीर रुग्ण घ्यायला कचरतात, आणि त्याची किंमत पुढच्या गरिबाला मोजावी लागते. आपल्या तरुण मंडळांना हे अवश्य सांगावे.

एकाच वेळी अनेक जखमी आले तर आधी कोणाला घ्यायचे? नेपोलियनच्या सैन्यातील सर्जन दोमिनिक लारे यांनी हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यावरून क्रम लावला. तीच रीत आजही चालते. ओळख, पैसा, धर्म, जात यांना त्या रांगेत जागा नाही. आपल्या चर्चचा माणूस आहे म्हणून त्याला आधी घ्या, असा फोन आपणही करू नये.

१०. आपली स्वतःची शिस्त

खाटेवरचा माणूस दुबळा असतो. त्याच्या दुबळेपणाचा उपयोग कोणत्याही हेतूसाठी करणे नीतीला धरून नाही, तो हेतू आपल्याला कितीही पवित्र वाटो. त्याने मागितली तरच त्याच्या खाटेपाशी मोठ्याने प्रार्थना करावी, नाहीतर मनात करावी. मदतीच्या बदल्यात काही अपेक्षा आहे, असा भासही होऊ देऊ नये. जखमीचा फोटो काढू नये, पाठवू नये, या त्रैमासिकातही छापू नये. त्याच्या आजाराची माहिती त्याची आहे. दाखल्यातल्या शोमरोन्याने त्या माणसाला काहीही उपदेश केलेला नाही.

११. प्रत्यक्षात काय करावे

• १०८ लावा. गर्भवती व नवजात बाळासाठी १०२, पोलिसांसाठी ११२. फोनवर गाव, पाडा आणि जवळची ठळक खूण सांगा.
• रुग्णालयात पहिले वाक्य असे असू द्या, “हा तातडीचा रुग्ण आहे, आधी स्थिर करा.” पैशाविषयी बोलणे त्यानंतर.
• पाठवतच असतील तर तीन गोष्टी मागा : काय उपचार केले त्याची चिठ्ठी, पुढच्या रुग्णालयाला फोन, आणि योग्य रुग्णवाहिका.
• नकार मिळाला तर वेळ, रुग्णालयाचे नाव आणि बोलणाऱ्याचा हुद्दा लिहून ठेवा. भांडण नको, आधी रुग्ण हलवा. तक्रार नंतर आरोग्य अधिकारी किंवा धर्मादाय आयुक्तांकडे करता येते.
• प्रत्येक कुटुंबाचे रेशनकार्ड, आधार व उत्पन्नाचा दाखला आधीच एका पिशवीत तयार ठेवायला सांगा. कागद नाही म्हणून तातडीचा उपचार थांबत नाही, पण पुढचा खर्च वाचतो.
• प्रत्येक पाड्यावर निदान दोन माणसे प्रथमोपचार शिकलेली असावीत.

या शेवटच्या मुद्द्यात आपल्या मंडळ्या पुष्कळ करू शकतात. आपल्यात परिचारिका आहेत, निवृत्त डॉक्टर आहेत, गाडी चालवणारे तरुण आहेत, वकील आहेत. एका रविवारची दुपार दिली तर एक पाडा शिकतो. आणि आपण कोणी धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर असाल, तर पुढच्या सभेत एकच प्रश्न विचारा : रात्री दोन वाजता पैसे नसलेला माणूस आला, तर आपल्या खिडकीवर त्याला काय सांगतात?

चर्चेसाठी प्रश्न

१. दाखल्यातील याजक व लेवी जखमीला टाळून का गेले असतील? आज आपण कोणत्या कारणांनी टाळून जातो?
२. आपल्या घराजवळचे रुग्णालय धर्मादाय न्यासाचे आहे का? तिथे रुग्णांच्या हक्कांचा फलक लावलेला आहे का? जाऊन पाहा.
३. रुग्ण शुद्धीत आहे आणि उपचाराला नकार देतो आहे. त्याच्या शब्दाचा मान आणि त्याचा जीव, यांचा मेळ कसा घालाल?
४. रुग्णाला मदत करताना आपल्या संस्थेचे नाव, फोटो आणि प्रचार यांना किती जागा असावी?

प्रार्थनेचे विषय

• रात्रपाळीत काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णवाहिकेचे चालक यांच्यासाठी.
• मोखाडा, जव्हार, डहाणू, तलासरी, विक्रमगड येथील रस्ता नसलेल्या पाड्यांवरच्या गर्भवतींसाठी.
• ज्यांचे माणूस वाटेतच गेले त्या कुटुंबांसाठी.
• पावसाळ्यापूर्वी दहा पाड्यांवर प्रथमोपचार वर्ग घेण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठी शिकवणारे हात मिळावेत म्हणून.